गुळाच्या टेम्पोतली मुंगी

एकदा मी नवस बोलले होते. तुमचे केरबाकाका गुळाचा टेम्पो घेऊन बाजाराला गेले होते. परत येईनात. मी हात जोडले. म्हटलं, "तुळशीमाई, गाडी सुखरूप घरी येऊ दे. मुंग्यांना साखर घालीन."

त्याच टेम्पोत होती एक मुंगी. इवलीशी. आपल्या तुळशीखालची. गुळाच्या वासाने चढली होती. गूळ उतरला, मुंगी राहिली. येताना टेम्पो वाट चुकला. माळावर थांबला. घुर्र... फुस्स!

मुंगीला आई आठवली. आई बिळाच्या तोंडाशी बसली असेल. वाटेकडे बघत असेल.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"टेम्पोदादा, टेम्पोदादा, हल ना! आई भेटेना."

"नकाशा बोलेना. मी नाही हलणार!"

काचेपाशी छोटा पडदा. पडद्यात नकाशाताई. तुरुतुरु तुरुतुरु.

"नकाशाताई, नकाशाताई, बोल ना! टेम्पो हलेना, आई भेटेना."

"वायर सांगेना. मी नाही बोलणार!"

पडद्यामागे लांब काळी वायर. तुरुतुरु तुरुतुरु.

"वायरमावशी, वायरमावशी, सांग ना! नकाशा बोलेना, टेम्पो हलेना, आई भेटेना."

"टपावरची अँटेना आकाशाचं ऐकते गं. पण पिन धरेना. मी नाही सांगणार!"

मुंगी टपावर चढली. अँटेनाच्या पायाशी वायर जोडणारी पिन. गंजून हिरवी हिरवी पडलेली.

"पिनूताई, पिनूताई, धर ना! वायर सांगेना, नकाशा बोलेना, टेम्पो हलेना, आई भेटेना."

"लिंबू सरकेना. टप टप रस गळतो. दात आंबले माझे! मी नाही धरणार!"

वर बघते तर काय! अँटेनाला लिंबू-मिरची.

"लिंबूआजोबा, लिंबूआजोबा, सरका ना! पिन धरेना, वायर सांगेना, नकाशा बोलेना, टेम्पो हलेना, आई भेटेना."

"काका सोडेनात. मी नाही सरकणार!"

काका बाभळीखाली बसले होते. डोक्याला हात लावून. मुंगी त्यांच्या बोटावर चढली.

"काका, काका, सोडा ना! लिंबू सरकेना, पिन धरेना, वायर सांगेना, नकाशा बोलेना, टेम्पो हलेना, आई भेटेना."

"अगं, लिंबू सोडलं तर गाडीला दृष्ट लागेल!"

"मग खाली बंपरला बांधा. दृष्ट काय शिडी लावून टपावर चढते?"

"हात्तिच्या! लांबून दिसावं म्हणून मीच उंच बांधलं!"

काका हसले. मग त्यांनी मुंगीकडे बघितलं.

"आई भेटेना म्हणालीस? माझीही वाट बघतंय गं कुणीतरी."

काकांनी लिंबू सोडलं. लिंबू सरकलं. बंपरवर जाऊन बसलं. काकांनी पिन पुसली. घासली. खोचली. टक्! पिनेने धरलं. वायरने सांगितलं. नकाशाताई बोलली, "पुढे डावीकडे वळा!" टेम्पो हलला. घुर्र घुर्र घुर्र!

तुळशीपाशी मी उभी. बिळापाशी मुंगीची आई उभी. टेम्पो आला! मुंगी उतरली. तुरुतुरु तुरुतुरु.

आई भेटली!

मी साखर घातली. मुंगीने पहिला दाणा उचलला. आईला दिला.

बाळांनो, तुमच्याही घरचं कुणी दूर गेलंय ना? मग चिमूटभर साखर घ्या. मुंगीच्या वाटेवर ठेवा. हळूच म्हणा, "आमचं माणूस घरी येऊ दे. तुझीही आई तुला भेटू दे."