पार्सलनं आलेली गिटार

"…मग तुमचं नाव इथं घालाल का, उस्ताद?"

इंद्रजित हेरवाडेनं गिटारचा माथा पुढं केला. तिथलं मूळ नाव त्यानं ब्लेडनं खरवडून काढलं होतं. पांढरट डाग तेवढा उरला होता.

दस्तगीर उस्ताद मिरजेत सतारी करत. आयुष्यभर तेच. दुपार कलत होती, लाइट गेली होती, आढ्याला टांगलेले भोपळे वाऱ्यानं हळूहळू फिरत होते. त्या दुकानात थोडा वेळ बसलं की बाहेरचा रस्ता खरा की हे भोपळे खरे, असा प्रश्न पडायचा.

इंद्रजित याच भोपळ्यांखाली चार वर्षं सतार शिकला आणि मग इलेक्ट्रिक गिटारकडं वळला. पोरगा गुणी. पण आपण गुणी आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

"माझं नाव कशाला?" उस्तादांनी विचारलं.

"शनिवारी ऑर्केस्ट्रात निवड आहे. बाकीच्यांच्या गिटारी नावाजलेल्या. माझी परदेशातून पार्सलनं मागवलेली, स्वस्तातली. एकदाच दाखवली, तेव्हापासून मला बघितलं की ओरडतात, 'पार्सल आलं, पार्सल आलं!' मालक म्हणाले, असलं खेळणं घेऊन येणार असशील तर येऊच नकोस."

"आणि माझं नाव असलं तर?"

"मिरजेत कोण हसेल? निदान वाजवू तरी देतील मला."

उस्तादांनी माथ्यावरच्या डागावरून बोट फिरवलं.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात," इंद्रजित म्हणाला. "हिला तर धड नावही नाही."

"होतं की. तूच खरवडलंस."

इंद्रजितनं मान खाली घातली.

उस्तादांनी गिटार मांडीवर घेतली. खुंट्या पिळून बघितल्या. एक डोळा मिटून दांडीवरून नजर फिरवली. मग बराच वेळ ती तशीच धरून बसले… डुलकी लागली की काय, असं इंद्रजितला वाटलं.

"लाकूड हलकं आहे," ते शेवटी म्हणाले. "खुंट्या कच्च्या आहेत, बदलाव्या लागतील. पण दांडी सरळ आहे, बेटा. दांडी घडवणारा माणूस घाईत नव्हता. कोण कारागीर?"

"कारागीर कुठला, उस्ताद? कारखाना आहे. मशीनवर निघतात. एकीसारखी दुसरी."

"भरीव आहे ना ही?"

"हो. सतारीसारखी पोकळ नसते."

"मग हे झाकण कशाला?"

गिटारच्या पाठीवर प्लास्टिकचं चौकोनी झाकण होतं. इंद्रजितनं ते कधी उघडलं नव्हतं. उस्तादांनी चष्मा पुसला आणि बारीक पेचकसानं स्क्रू काढले. खालच्या खाचेतून चिमूटभर भुसा त्यांच्या धोतरावर सांडला. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला.

"आपल्याकडचं झाड नाही हे," ते म्हणाले, आणि पुन्हा हुंगला.

मग त्यांनी खाच उजेडाकडं केली.

आत तारांचा ताण तोलणाऱ्या स्प्रिंगांच्या मागं, कच्च्या लाकडावर, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. तीन अक्षरं. लिपी दोघांनाही येत नव्हती. अक्षरांखाली एक छोटी रेघ ओढलेली होती, आपण सही करून ओढतो तशी.

"नाव आहे," इंद्रजित पुटपुटला.

उस्तादांनी आढ्याकडं बोट केलं. "आमच्यात भोपळ्यावर तबली चिकटवायच्या आधी काय करतात?"

इंद्रजितला माहीत होतं. लाकडाची तबली बसवून भोपळा कायमचा बंद होतो. त्याआधी या दुकानातला कारागीर आपलं नाव आत लिहितो. सतार फुटली तरच ते कुणाला दिसायचं. चार वर्षं त्यानं हे बघितलं होतं, आणि एकदा हसलाही होता, दिसत नाही तर लिहायचं कशाला म्हणून.

आता त्याला हसू आलं नाही. लाज वाटली. दूर कुठल्याशा गावात कुणीतरी पेन्सिल कानामागून काढली होती, आजूबाजूला बघितलं होतं, आणि झाकण लावायच्या आधी चटकन तीन अक्षरं लिहिली होती. बाई होती की म्हातारा, कोण जाणे. त्या माणसाच्या कामाला आपण दोन महिने चारचौघांत बाहेर काढलं नव्हतं.

उस्तादांनी उजवा हात कपाळाला लावून त्या खाचेला सलाम केला. मग झाकण लावून एकेक स्क्रू पिळला.

"माझ्या नावाला इथं जागा नाही. कारागीर आधीच आत बसलाय."

भोपळे फिरत राहिले. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"पण हा डाग?" इंद्रजितनं खरवडलेल्या माथ्यावर अंगठा ठेवला. "इथं काहीतरी लागेलच ना, उस्ताद. शनिवारी मालक आधी इथंच बघणार. इथं कुणाचं नाव लिहू?"

उस्तादांनी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. स्वतः सरकत सरकत अगदी जवळ आले, गिटारच्या लाकडाला कान टेकवला आणि डोळे मिटले.

"वाजव. ऐकून सांगतो."