पुसलेला चेहरा

एके काळी एक वृद्ध चित्रकार हळदीची मोठी पेठ असलेल्या गावी राहत असे. चित्रकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे, मोर, कमळे आणि देवादिकांच्या तसबिरी येतात. याच्याकडे त्यातले काही नव्हते. तो काढी खुंटीवरचा सदरा, चेपलेला डबा, सायकलचा पंप, एक पाय झिजलेला पाट. आणि त्या वस्तूंच्या शेजारी त्या वापरणारी माणसे. पेटीतले रंगही तो क्वचितच घेई. कोळसा, गेरू, तव्याखालची काजळी, उरलेल्या चहाचे पाणी. कुठे गोणपाटाचा तुकडा खळीने चिकटवलेला, तर कुठे जुन्या पंचांगाचे पान. गावातले शहाणे म्हणत, "म्हाताऱ्याला रंग परवडत नाहीत." मला विचाराल तर, त्या शहाण्यांनाच चित्र परवडत नव्हते, त्यासाठी थोडे थांबून पाहावे लागते.

या चित्रकारापाशी एक शिष्य बारा वर्षे शिकत होता. त्याचा हात असा तयार झाला होता की कोणाचाही चेहरा एकदा पाहिला की तो कागदावर हुबेहूब उतरवी. शिष्य गुरूच्या पुढे गेला, असे लोक उघड बोलू लागले होते, आणि ते त्याच्या कानावरही गेले होते. कानावर गेलेली स्तुती हातात उतरायला फार दिवस लागत नाहीत.

एके दिवशी सकाळी गोजराबाई नावाची एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा केरबा पेठेत हमाल होता. तीस वर्षे त्याने पाठीवरून हळदीची पोती वाहिली आणि तीन वर्षांपूर्वी तो वारला. आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीचे, मालनचे लग्न ठरले होते. मध्ये दहा दिवस होते. घरात केरबाचा एकही फोटो नव्हता. त्या काळी फोटो काढणे ही हौस पैसेवाल्यांची; आणि केरबा तर म्हणे, आपल्या तोंडात काय बघण्यासारखं आहे!

"मास्तर," गोजराबाई म्हणाली, "पोर बोहल्यावर चढायच्या आधी बापाच्या पाया पडणार. भिंतीला काय तरी पायजे न्हवं? नुस्त्या खिळ्याच्या पाया कसं पडायचं?"

वृद्ध काही बोलणार, तोच शिष्य पुढे झाला. "मावशी, मी काढतो. तुम्ही फक्त सांगत चला. तुमचे मालक तुमच्यापुढे उभे करतो की नाही ते बघा." वृद्धाने त्याच्याकडे पाहिले आणि खळ घोटायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून गोजराबाई दुपारी येऊन बसू लागली. शिष्य विचारी, ती डोळे मिटी, बराच वेळ आत कुठेतरी पाही आणि मग सांगे.

"कपाळ कसे होते?"

"रुंद हुतं. पर सदा मुंडासं असायचं वो. रातच्याला तेवढं दिसायचं."

"असे?"

"व्हय... तसंच म्हणायचं."

"आणि नाक?"

"जरा बसकं... न्हाई, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुमी काढलंय तेच बरं दिसतंय."

आता यात गोजराबाईला दोष कसा द्यावा? भीड ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट आहे. कोणाच्या घरी चहात साखर नसली तरी "फक्कड झालाय" म्हणणारी आपण माणसे. समोर एवढा हुशार मुलगा कपाळावरचा घाम पुसत आपल्यासाठी खपतो आहे; त्याला तोंडावर "नाही हो, हे आमचे मालक नव्हेत" असे सांगणार कोण? ती प्रत्येक रेघेला मान डोलावत गेली.

पाचव्या दिवशी चेहरा पूर्ण होत आला. काय चित्र होते! भव्य कपाळ, सरळ नाक, भुवयांखाली करारी डोळे. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. "अगदी केरबाच की हो," असे एकजण म्हणाला. त्याने केरबाला उभ्या जन्मात पाठीवर पोते असतानाच पाहिले होते, ही गोष्ट वेगळी.

शिष्य म्हणाला, "मावशी, आता फक्त कान राहिले. पाळी मोठी होती की लहान?"

या वेळी गोजराबाईने डोळे मिटले नाहीत. तिने समोरच्या कागदाकडे पाहिले. तिची नजर त्या चेहऱ्यावरून काहीतरी शोधत फिरली, आणि मग ती म्हणाली, "अशा तोंडाला शोभल अशीच असणार की."

कोपऱ्यात खळ घोटत बसलेला वृद्ध उठला. त्याने बादलीतले फडके पिळले, शिष्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि कोणाला काही कळायच्या आत तो चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसून टाकला. पाच दिवसांच्या कामाचा एक काळा फराटा झाला.

"अगं आई गं!" गोजराबाई किंचाळली. "मास्तर, ह्ये काय केलंसा? आता कुठं घावले हुते, परत नेलंसा की वो त्येंना!"

शिष्य ताडकन उभा राहिला. "गुरुजी, लोक म्हणत होते की माझा हात तुम्हाला सहन होत नाही. मी मानत नव्हतो. आज डोळ्यांनी पाहिले."

वृद्ध गोजराबाईच्या समोर खाली बसला आणि म्हणाला, "बाई, रागावा, तो तुमचा हक्क आहे. पण आधी एक करा. डोळे मिटा. केरबा दिसतो का बघा."

तिने मुकाट्याने डोळे मिटले. "दिसत्यात की," ती म्हणाली.

"कोण दिसतो? केरबा, की आत्ता मी पुसला तो?"

गोजराबाईच्या मिटलेल्या पापण्या थरथरू लागल्या. तिने डोळे उघडले, पुन्हा घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "ह्योच दिसतोय वो, कागदावरचा," ती घाबरून म्हणाली. "त्येंचं तोंडच येईना. पाच दिसांमागं हाक मारली की येत हुतं. मास्तर, आता येईना झालंय!" आणि पदर तोंडाला लावून ती हमसून हमसून रडू लागली.

शिष्याच्या हातातला कोळसा गळून पडला. त्याने मान खाली घातली.

तेव्हा वृद्ध बोलला. "बाळ, पहिल्या दिवशी ही बाई उत्तरासाठी डोळे मिटत होती. आज ती उत्तरासाठी तुझ्या कागदाकडे पाहू लागली. केरबा या जगात एकाच जागी उरला होता, हिच्या मिटल्या डोळ्यांत. तिथे तू तुझा देखणा पुरुष नेऊन बसवलास. यात तुझा हात कमी पडला नाही. हात कमी पडला असता तर बरे झाले असते. चित्र वाईट असते तर भीड सोडून ही पहिल्याच दिवशी म्हणाली असती, हे आमचे नव्हेत. चांगल्या चित्राला नाही म्हणणे फार कठीण."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे मला पोथीत सापडलेले नाही. मी बावीस वर्षांचा असताना माझी आई गेली. तेरावा व्हायच्या आत मी तिचा चेहरा काढला. सगळे वाहवा म्हणाले, आणि मीही स्वतःला वाहवा म्हणालो. आज पन्नास वर्षे झाली. आईला आठवायला बसलो की ते चित्र समोर येते, आई येत नाही. मी माझ्या हाताने आईवर कागद चिकटवला, आणि तो आता निघत नाही. तू पहिल्याच दिवशी पुढे झालास तेव्हाच मी तुला अडवायला हवे होते. तेवढा अपराध माझा आहे."

शिष्याने गुरूचे पाय धरले. "मी नको ते बोललो, गुरुजी. पण आता काय करायचे? लग्न पाच दिवसांवर आले."

"आता विचारायचे," वृद्ध म्हणाला, "पण चेहरा सोडून."

त्याने गोजराबाईला पाणी दिले, तिचा हुंदका ओसरू दिला आणि मग सहज गप्पा माराव्यात तसे विचारले, "केरबा पेठेतून घरी आला की पहिल्यांदा काय करायचा हो?"

"काय करणार? पाणी मागायचे." तिने नाक पुसले. "मागायचे बी न्हाईत. उंबऱ्यात हुबं ऱ्हायचे नुस्ते. मीच तांब्या न्यायची."

"आणि प्यायचा कसा?"

"कसा म्हंजी? असा." गोजराबाई उभी राहिली. आपण परक्यांसमोर आहोत हे ती विसरून गेली. तिने उजवा हात उंच केला, मान मागे टाकली आणि नसलेला तांब्या मनगटातून कलता केला. "वरनं धार धरायचे. व्हट लावायचे न्हाईत कदी. दिसभर पाठीवर पोतं, मान खाली. ह्याच येळंला काय ती मान वर व्हायची. गळा असा घुटूक घुटूक हलायचा. आन् अंगाला ही हळद! सदऱ्याला, कानात, पापण्यांस्नी. मी म्हणायची, रोज हळद लागतीया तुमाला, रोजचं नवरदेव तुमी!" आणि ती रडता रडता हसली. ते हसू पाहून शिष्यालाही डोळे पुसावे लागले.

वृद्ध शिष्याला म्हणाला, "ऐकलेस ना? आता काढ. तूच काढ."

पुढचा सबंध दिवस शिष्य पेठेत बसून राहिला. पोते उचलताना हमाल पाय कुठे रोवतो, ओझे उतरल्यावर पाठ सरळ व्हायला किती वेळ घेते, हे त्याने पाहिले. संध्याकाळी त्याने एका व्यापाऱ्याकडे फाटक्या पोत्याचा तुकडा आणि जमिनीवर सांडलेली मूठभर हळद मागितली. कशाला, असे व्यापाऱ्याने विचारले. केरबासाठी, असे शिष्य म्हणाला. व्यापारी म्हणाला, "न्या. माणूस तीस वर्षे माझ्या दारात राबला, पण तो दिसायला कसा होता हे मला सांगता यायचे नाही."

मग शिष्याने चित्र केले. खांदे आणि दंड कोळशाचे. पाठीच्या जागी, जिथे सदरा विरला असता, तिथे गोणपाटाचा तुकडा. दाराची चौकट काजळीची. हळद मात्र त्याने कुंचल्याने लावली नाही, अंगठ्याने चोळली. उंच धरलेला तांब्या, त्यातून पडणारी धार, मागे टाकलेली मान, ताणलेला गळा आणि वर उचललेली हनुवटी. त्याच्या वर तांब्याआड जो चेहरा असायचा, तिथे त्याने काही काढले नाही. कागद कोराच ठेवला.

मालनच्या हळदीच्या दिवशी सकाळी मायलेकी चित्र न्यायला आल्या. वृद्धाने चित्रावरचे कापड काढले. मालन पुढे गेली आणि पाहत राहिली. "आई," ती म्हणाली, "बाबा पाणी पित्यात." तिने तिथेच वाकून नमस्कार केला, लग्नघटिकेची वाट न पाहता.

गोजराबाई मात्र जागची हलली नाही. तिने ते चित्र एकदा डोळे भरून पाहिले आणि तिचे डोळे आपोआप मिटले. शिष्य तिच्याकडे पाहत राहिला; गेले चार दिवस त्याला नीट झोप आली नव्हती. बराच वेळ गेला. मग तिच्या मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळले आणि चेहरा सैल झाला.

"आलं," ती पुटपुटली. "मास्तर, आलं बगा तोंड. बसकंच हुतं नाक. आन् हनुवटीखाली बारका तीळ हुता. पाणी पिताना तेवढा दिसायचा. बाकी कुणाला कदी दिसलाच न्हाई त्यो."

शिष्याला राहवले नाही. त्याचा हात सवयीने कोळशाकडे गेला. "कुठे होता, मावशी? डावीकडे की उजवीकडे? एक ठिपका तर द्यायचा. आत्ता देतो."

गोजराबाईने डोळे उघडले आणि मान हलवली. पाच दिवस प्रत्येक रेघेला "बरं दिसतंय" म्हणणारी ती बाई आता भीड न धरता बोलली.

"नगं, बाळा. तेवढा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

शिष्याने कोळसा खाली ठेवला, चित्र दोन्ही हातांनी उचलले आणि मालनच्या हाती दिले.