भागताना तो शून्य नव्हता

"मग भागताना तो शून्य नव्हता, आणि भागून झाल्यावर शून्य कसा झाला?"

दर्ग्याच्या अंगणात झाडणाऱ्या मुजावर सरांनी खराटा थांबवला नाही.

"सर, तुम्हालाच विचारते मी."

"ऐकतोय. आधी नाव सांग, गाव सांग. शून्य कुठं पळून जात नाही."

तिनं नाव सांगितलं, अनुजा खोपडे. सायन्स कॉलेज, पहिलं वर्ष, गणित. गावाचं नाव मात्र तिनं गिळलं.

मुजावर सरांनी त्याच कॉलेजात जन्मभर कॅल्क्युलस शिकवला होता. निवृत्त झाल्यावर वाडवडलांकडून आलेली टेकडीवरच्या दर्ग्याची सेवा त्यांनी अंगावर घेतली. लोक म्हणायचे, एवढा शिकलेला माणूस, आणि शेवटी हातात काय, खराटा. सर म्हणायचे, आधी खडूची धूळ खात होतो, आता ही खातो.

"कोण शून्य झाला म्हणतेस?"

"एच. डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येतला, तो बारीकसा फरक. त्यानं भागायचं असतं तेव्हा म्हणायचं, एच शून्य नाही. म्हणून भागता येतो. भागून झालं की पुढच्याच ओळीत म्हणायचं, आता एच शून्य धरा. हा काय खेळ आहे, सर? एकाच तोंडानं आहे म्हणायचं आणि नाही म्हणायचं?"

"वर्गात काय सांगतात?"

"शून्याकडे जातो म्हणतात. जातो म्हणजे? पोचतो का?"

सर झाडत राहिले...

ही पोर बारावीला गणितात तालुक्यात पहिली आली होती. गावानं एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. त्यावर सरपंचांचा फोटो तिच्या फोटोच्या दुप्पट होता, तरी खाली 'गावची शान' लिहिलं होतं ते बहुधा तिच्याविषयी असावं. घरचे म्हणाले, नर्सिंगला जा, लगेच नोकरी लागेल. मामा म्हणाला, डी.एड. कर. ती म्हणाली, गणित. जेवणावर रुसून बसली, बोलणं टाकलं, आणि शेवटी वडील हो म्हणाले. मान ताठ करून ती हॉस्टेलला आली.

मग पहिली चाचणी झाली.

"एक्स वर्गाचं डेरिव्हेटिव्ह, टू एक्स," ती म्हणाली. "झोपेतून उठवलंत तरी सांगीन. पण पेपरात होतं, व्याख्येवरून काढा. मी एचच्या जागी सरळ शून्य घातलं. वर शून्य आलं, खाली शून्य आलं. पेपर संपेपर्यंत त्या दोन शून्यांकडं बघत बसले."

"घाई केलीस."

"शेवटी घालायचंच असतं ना? मग आधी घातलं तर काय बिघडलं?"

सरांनी पाचोळा एका बाजूला लोटला. तो वाऱ्यानं परत पसरला. त्यांनी परत लोटला.

"मार्क किती पडले?"

"वर शून्य, खाली शून्य, आणि मार्कही शून्य."

ती हे विनोदानं म्हणाली नव्हती.

"वर्गात सगळ्यांना कळतं, सर. माना डोलवतात. मीपण डोलवते. सगळे आत बसलेत आणि मी एकटी दाराबाहेर, असं वाटतं रोज... आणि आता मागं वळून बघितलं की कळतं, बारावीला नाही, दहावीला नाही, मला गणित कधी आलंच नव्हतं. मी नुसतं पाठ करत होते. त्या फ्लेक्सवर मी नाहीच. माझ्या पाठांतराचा फोटो आहे तो."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

"तुम्ही एक वाक्य बोला. 'पोरी, तुला हे जमायचं नाही.' एवढंच. बाबांना सांगता येईल, मुजावर सरच म्हणाले म्हणून. मी भांडून घेतलंय हे, सर. आपल्या तोंडानं कशी सांगू?"

तिची बॅग पायरीपाशी होती. गावची एसटी चारची होती. गावात ती गाडी थेट त्या फ्लेक्सखालीच उभी राहायची.

पीराच्या दारात माणूस 'हो' मागायला येतो. ही 'नाही' मागायला आली होती.

तिच्या हातातल्या साखरेच्या पुडीकडं सरांनी बोट केलं.

"ती कुणासाठी?"

"रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून आणली. आई आणायची. लहानपणी दर उरसाला आम्ही यायचो इथं."

"मग ठेव की आत."

ती दरवाज्यापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. तिथूनच तिनं पुडी पुढं केली.

"थांबलीस का?"

"बायका आत जात नाहीत."

"आई इथंच थांबायची?"

"इथंच. माझ्या बारावीचा नवस इथंच उभी राहून बोलली होती."

"कुणाला बोलली?"

"म्हणजे? पीराला."

"पीर आत आहे?"

"आहे."

"तू बघितलास?"

"नाही."

"आईनं?"

"नाही."

"मग कशावरून म्हणतेस?"

तिला राग आला. ती गणित विचारायला आली होती आणि हे म्हातारबाबा भलतंच काढून बसले होते.

"कशावरून म्हणजे काय, सर? डावीकडच्या जाळीशी जा, नाहीतर उजवीकडच्या. दोन्हीकडची माणसं एकाच जागेकडं तोंड करून उभी असतात. जवळ येतील तसा त्यांचा आवाज बारीक होतो. हट्ट करणारी पोरंसुद्धा गप्प होतात. तिथं कुणी नसेल तर असं होईल का?"

सरांनी दाराशी येऊन खराटा भिंतीला लावला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"ह्यात शिकवायचं काय आहे?"

सरांनी मान हलवली. मग दरवाज्यातून बाजूला होऊन त्यांनी वाट मोकळी केली.

"जा आत."

"मी?"

"आत्ता इथं कोण आहे? मी आहे आणि तो आहे. त्यानं आजवर कुणाला अडवल्याचं मला माहीत नाही. अडवलं ते आम्ही."

ती घुटमळली. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला असावा. पण ती अशाच जिद्दीनं गणिताला आली होती. तिनं चप्पल काढली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि उंबरा ओलांडला.

सर बाहेर उभे राहिले.

आत कबरीवर हिरव्या कापडाचा गलेफ होता. त्यावर कालची फुलं सुकली होती. कोपऱ्यात ऊददाणी होती, तिच्यात राख. भिंतीला ओल आली होती. छताचा पंखा कुरकुरत होता. तिनं पुडी ठेवली, हात जोडले आणि वाट पाहिली.

पंखा कुरकुरत राहिला...

ती बाहेर आली ती थेट पायरीवर बसली. चप्पलही घातली नाही. मग ओढणीत तोंड घालून रडायला लागली. हॉस्टेलमध्ये चाचणीनंतर ती रडली नव्हती. ते सगळं आत्ता बाहेर आलं.

सरांनी तिला रडू दिलं.

"आत काहीच नाही," ती म्हणाली.

"काहीच?"

"गलेफ आहे. फुलं आहेत. पंखा आहे."

"पीर?"

"तुम्ही मला आत कशाला पाठवलंत, सर? बाहेर उभी होते तेव्हा निदान होता!"

सर हळूच तिच्याशेजारी पायरीवर टेकले. गुडघ्यांनी आवाज केला.

"मी रोज आत जातो," ते म्हणाले. "फुलं बदलतो, राख काढतो."

"मग? तुम्हाला दिसला?"

"नाही."

तिनं मान वर केली. म्हाताऱ्याच्या तोंडावर तिला धीर देईल असं काहीच नव्हतं. त्यांनी तसं काही आणायचा प्रयत्नही केला नाही.

"एकदाही नाही?"

"आत, एकदाही नाही."

"मग रोज येता कशाला?"

सरांनी अंगणाकडं बोट केलं. झाडलेल्या अंगणात वाऱ्यानं नवा पाचोळा येऊन पडला होता. पायरीपासून उंबऱ्यापर्यंत परत सगळं होतं तसं झालं होतं.

खालून स्टँडवरून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

अनुजा उठली. तिनं चप्पल घातली, डोळे पुसले आणि बॅग खांद्याला लावली. तिचा आवाज आता कोरडा होता.

"म्हणजे माझं ठरलं. बाहेर राहिले तर कळत नाही, आणि आत गेले तर वर शून्य, खाली शून्य. मला हे जमायचं नाही. तेवढं तरी बोला, सर. मी निघते."

सर पायरीला हात टेकून उठले. त्यांनी भिंतीला लावलेला खराटा घेतला आणि तिच्यापुढं धरला.

तिला कळेना. हॉर्न दुसऱ्यांदा झाला. वडीलधाऱ्यानं पुढं केलेली वस्तू नाकारायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं खराटा हातात घेतला.

"सर, मी विचारलं काय, आणि तुम्ही..."

"पायरीपासून सुरू कर," सर म्हणाले. "उंबऱ्यापर्यंत झाड. पोचायची घाई करू नकोस."