केळबाईंचं कूळ

झाडाझुडपांची कुळं अजून लागायची होती, त्या काळातली ही गोष्ट. सुतारपक्षी मळ्यात यादी करत फिरत होता. केळीला त्यानं चार ठिकाणी टोचून पाहिलं, पण लाकूड म्हणून लागेना. सालीखाली नुसती सालच.

"बाई, तुमचं पान सुरळी होऊन निघतं. हळदीचं आणि कर्दळीचंही तसंच. तुम्ही त्यांच्याच कुळातल्या."

"मोरीच्या पाण्यावर वाढणारी ती कर्दळ माझी कोण?" केळबाई फणकारल्या. "मी आंब्याच्या पंगतीतली. झाड लिही!"

त्यानं तसं लिहिलं. केळबाई महिनाभर तोऱ्यात होत्या. मग उन्हाळा आला आणि पाटाचं पाणी यादीप्रमाणं सुटलं. झाडांची मुळं खोल, म्हणून त्यांना पाणी नाही. आंब्याला त्याचं काहीच वाटलं नाही. केळबाईंची पानं मात्र वाळून लोंबू लागली.

शेवटी त्या कर्दळीकडं वाकून पुटपुटल्या, "अगं, आपण बहिणीच ना? सांग की त्या सुताराला."

"सांगते की," कर्दळ म्हणाली. "पण आधी मला आक्का म्हण. आणि मोठ्यानं हं, आंब्याला ऐकू गेलं पाहिजे."

केळबाईंनी अशी काही हाक मारली, की आंब्यावरचे कावळे उडाले. पाणी त्यानंतर आलं.