राहिलेला धा

“मग मी गेलो कशानं रं?” तात्यांनी विचारलं.

पंडित सदानंद वाळवेकरांनी मान खाली घातली. ज्याला आपण भर सभेत मारलं, तो माणूस समोर घोंगड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असेल, तर बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?

“धाप लागली होती तुम्हाला,” पंडितजी म्हणाले.

“धाप.” तात्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “बरं हाय. फार हाल न्हाई झाले म्हणायचे.”

...

“आन् शेवटी बोललो काय?”

“म्हणालात... सदा, हे आता तुझं.”

“पाणी कुणी पाजलं?”

पंडितजींच्या कपाळावर घाम आला. हे त्यांनी देशभरच्या व्यासपीठांवर सांगितलं होतं, डोळे पुसत पुसत सांगितलं होतं, आणि आवाज कधी अडखळला नव्हता.

“मी,” ते म्हणाले.

“चांगलं केलंस,” तात्या म्हणाले. “पोटच्या पोराला बी ते जमतंच असं न्हाई.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण म्हातारा मनापासून बोलत होता.

आता ही धाप कुठून आली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल दोघांचीही डोकी ठिकाणावर नाहीत.

भैरू गुरव म्हणजे कोरेवाडीच्या महादेवाचे पुजारी. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. कृष्णेच्या काठावरच्या त्या देवळाच्या ओवरीत बसून त्यांनी जन्मभर पखवाज वाजवला, देवासाठी, आणि देव ऐकत नसेल तेव्हा नदीसाठी. वाळव्याचा सदा त्यांच्याकडे शिकायला आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं नव्हतं. तात्यांच्या घरची भाकरी खाल्ली, तात्यांचे थोरले भाऊ मारुती, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, आणि हात तयार झाल्यावर मुंबई गाठली. पुढे सदाचा सदानंद झाला, सदानंदाचे पंडितजी झाले, आणि पंडितजींना कोरेवाडीची वाट दिसेनाशी झाली.

मग एकदा कलकत्त्याला मैफल होती. सुरू व्हायच्या जरा आधी गावाकडचा फोन आला, कोरेवाडीचे गुरव गेले म्हणून. कुठले गुरव, थोरले की धाकटे, एवढंसुद्धा यांनी विचारलं नाही. मारुतीदादा गेले होते. यांनी तात्या धरले.

रडले मात्र खरेखुरे. खोटं कशाला बोला?

त्याच सुमारास त्यांनी स्वतः एक परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची रचना, बसवली होती. नवीन होती, अजून कुणाला ऐकवली नव्हती. त्या दिवशी डोळे सुजलेले, आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं की ही परण माझ्या गुरूंनी जाताना मला दिली. बोल सांगता सांगता त्यांचा श्वास संपला आणि समेवरचा शेवटचा बोल, धा, राहून गेला. म्हणून मीही तो वाजवत नाही.

त्यांनी परण वाजवली. शेवटच्या धाला हात वर नेला आणि तसाच धरला.

सभागृह हुंदके देत उठून उभं राहिलं. मग काय, गावोगावचे लोक तेच मागू लागले. खोटं असंच असतं, आधी दारात उभं राहतं, मग पाट मागतं, मग ताट मागतं.

पुढच्या वर्षी कोरेवाडीचा एक जण मिरज स्टेशनवर भेटला आणि म्हणाला, तात्या ठणठणीत आहेत, तुमची आठवण काढतात. पंडितजींच्या हातातला चहा हातातच राहिला. त्या दिवशी तरी खरं सांगून टाकायचं. पण संध्याकाळी पुण्यात कार्यक्रम होता आणि पत्रिकेवर त्या परणेचंच नाव छापलेलं होतं.

अशीच वर्षं गेली, आणि आता एवढ्यात दिल्लीत त्यांना मोठा किताब मिळाला. पहिल्या पानावर फोटो, खाली चौकटीत जीवनपट, आणि त्या जीवनपटात गुरूच्या नावामागं ‘कैलासवासी’. येत्या रविवारी सांगलीत नागरी सत्कार ठरला. त्याआधी म्हणे गुरूंच्या तैलचित्राचं अनावरण, चंदनाचा हार वगैरे. सत्कार समितीची माणसं म्हणाली, त्याआधी आम्ही कोरेवाडीला जाऊन गुरूंच्या समाधीवर फुलं वाहून येतो.

समाधीवर!

रस्ता खराब आहे, मीच जाऊन येतो, असं सांगून पंडितजींनी त्यांना कसंबसं थोपवलं. आणि आज सकाळी गाडी वेशीबाहेर ठेवून, डोक्यावरून उपरणं घेऊन चोरासारखे गावात शिरले. वेशीजवळ पारावर माणसं बसलेली होती. सगळ्यांनी ओळखलं. एकानंही रामराम घातला नाही. तात्यांचं घर देवळाला लागूनच होतं.

तात्यांच्या सुनेनं, हौसानं, चहा आणला. एकच कप. तो तिनं सासऱ्यापुढं ठेवला.

“पाहुण्यास्नी दे की,” तात्या म्हणाले.

“त्यांना सुतक हाय नव्हं,” हौसा म्हणाली. “सुतकाच्या माणसाला आपल्या घरचा चहा चालतोय का, इचारा.”

आणि आत निघून गेली.

लाजेनं पंडितजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तात्यांनी आपला कप त्यांच्याकडं सरकवला आणि म्हणाले, पोरीचं मनावर घेऊ नकोस. रेडिओवर तुझी मुलाखत लागली तवा गावानं ऐकली. पोरं चवताळली, पेपराला लिहितो म्हणाली. मीच नको म्हटलं.

“का?” पंडितजींनी विचारलं.

तात्या पुन्हा शेंगा फोडू लागले.

इथं खरं तर पाय धरायचे. पण सवय वाईट. माणूस मोठा झाला की माफीच्या आधी त्याला व्यवस्था सुचते. पंडितजींनी घसा साफ केला आणि ज्या कामाला आले होते ते काढलं. म्हणाले, रविवार होईपर्यंत तात्यांनी कोल्हापूरला लेकीकडं जाऊन राहावं. गाडी आहेच. इकडं कुणी विचारायला आलंच तर घर बंद दिसेल, आणि गाव तर तुमच्या शब्दाबाहेर नाही. एकदा सत्कार पार पडला की मी सगळं सावकाश निस्तरतो. माझी जन्मभराची अब्रू आहे, तात्या.

स्वतःचं बोलणं त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं. किती गुळगुळीत! ऐकताना त्यांना स्वतःची किळस आली, तरी ते वाक्य पुरं करूनच थांबले.

...

“जातो की,” तात्या म्हणाले.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. खुंटीवरची कापडी पिशवी काढली, झटकली. दोरीवरचं धोतर ओढून घडी घालू लागले.

“एवढंच ना? मेलेल्या माणसानं गावात फिरू न्हाई, बरोबर हाय तुझं. लेक बी कवापास्नं बोलावतीया.”

पंडितजींना वाटलं होतं, म्हातारा चिडेल. चिडला असता तर समजूत काढता आली असती, हातापाया पडता आलं असतं. ज्यानं काहीच अडवून धरलं नाही, त्याच्यापुढं करायचं काय?

तात्या घडी घालत होते. घडी वाकडी होत होती, ते ती मोडून पुन्हा घालत होते.

“एक इचारायचं राहिलं बघ,” ते पाठमोरेच म्हणाले. “मी गेल्याचं कळलं तुला... मग तेराव्याला आलास व्हय?”

...

देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

तेव्हा पंडितजी परदेशच्या दौऱ्यावर होते. तारखा दिलेल्या होत्या. तात्या गेले असंच ते धरून चालले होते, त्यात तिळमात्र शंका नव्हती, आणि तरी ते आले नव्हते.

एवढी वर्षं त्यांनी लाज बाळगली ती खोटं बोलल्याची. पण त्या खोट्याच्या पोटात ही गोष्ट दडून बसली होती, आणि ही खरी होती. हिला तर बिचाऱ्या खोट्याचंही पांघरूण नव्हतं.

“नाही आलो,” ते म्हणाले.

“मारुतीदादाचं तेरावं हुतं ते,” तात्या म्हणाले. “आम्ही तुझं पान वाढून ठिवलं हुतं. म्हटलं, ऐकलं असंल तर येईल. दादाच्या खांद्यावर वाढलेलं पोरगं.”

आता इथून पुढं त्यांना पंडितजी म्हणवत नाही. सदा म्हणू या.

सदानं उठून तात्यांच्या हातातलं धोतर काढून घेतलं. घेतलं खरं, पण त्याचं करायचं काय ते त्याला कळेना. ते तोंडाशी धरून तो रडला, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत रडला. आत भांड्यांचा आवाज थांबला.

“नका जाऊ,” तो म्हणाला. “कुठं जाऊ नका. मीच सांगतो रविवारी. सगळ्यांपुढं उभा राहून सांगतो.”

“काय सांगशील?”

“तुम्ही आहात म्हणून. मी तुम्हाला मारलं म्हणून. तुमचं पान वाढलेलं होतं आणि मी आलो नाही म्हणून.” त्यानं श्वास घेतला. “आणि ती परण खोटी आहे म्हणून.”

तात्यांनी मान वर केली. इतका वेळ त्यांनी सदाकडं नीट पाहिलंच नव्हतं, ते आता पाहिलं.

“परण खोटी कशी असंल? कुणी बसवली?”

“मी.”

“मग माझ्या नावावर का घातलीस?”

सदा अगदी हळू म्हणाला, “गेलेल्या गुरूची म्हटलं की लोक उभं राहून ऐकतात, तात्या. माझी म्हटलं असतं तर नुसत्या टाळ्या पडल्या असत्या.”

...

“हौसा,” तात्यांनी हाक मारली, “वाईच कणीक दे मळून.”

हौसा दारात आली. तिनं सदाकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता कणकेचा गोळा आणून दिला. तोवर तात्यांनी ओवरीतला पखवाज कुणाकरवी न आणवता स्वतःच उचलून आणला, लहान मूल आणावं तसा छातीशी धरून. त्यांनी तो सदाच्या मांडीवर ठेवला. मग डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, खर्ज भरावा म्हणून स्वतःच्या हातानं कणीक लावली, ओला हात फिरवला, बोटानं ठोकून पाहिलं, चिमूटभर काढली, पुन्हा ठोकून पाहिलं. सदा शिकायला आला त्या दिवशीही त्यांनीच लावून दिली होती.

“वाजव.”

सदानं पखवाज मांडीवर नीट केला.

सदानं सुरुवात केली आणि मध्येच थांबला. लोक जिथं वाहवा म्हणायचे तिथं त्यानं हळूहळू थोडं जास्तीचं भरलं होतं, ते त्याचं त्यालाच टोचलं. ते टाकून त्यानं पहिल्यापासून घेतलं. तात्या डोळे मिटून बोटांवर मात्रा धरत होते. बोल धावू लागले, एकमेकांना गाठू लागले, समेच्या अंगावर आले, आणि...

सदाचा हात वर गेला आणि वरच राहिला. सवयीनं.

ओवरीवरचे पारवे घुमायचे थांबले होते.

“हात वर का?” तात्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

सदाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आता खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती.

“इथं तुम्ही जाता,” तो म्हणाला.

...

तात्यांनी डोळे उघडले. ते पुढं वाकले, समोरूनच दोन्ही हात पखवाजावर टाकले आणि राहिलेला धा वाजवला. उलट्या हातांनी वाजवला, तरी तो असा घुमला की हौसाच्या हातातली परात नादली.

“परण चांगली हाय,” ते म्हणाले.

हे ऐकण्यासाठी सदा लहानपणी घरातून बाहेर पडला होता आणि हे सोडून बाकी सगळं त्याला मिळालं होतं. त्यानं पखवाजावर कपाळ टेकलं. कणीक कपाळाला लागली. पुसायचं भान राहिलं नाही.

हौसानं चहाचा दुसरा कप आणून त्याच्याजवळ ठेवला, न बोलताच.

तात्यांनी पिशवी परत खुंटीला अडकवली. हात धोतराला पुसले. मग सदाच्या समोर आले आणि मांडी घालून, पाठ ताठ करून खाली बसले, पहिल्या दिवशी शिकाऊ पोर बसतं तसे.

“रडू नगंस, ऊठ,” ते म्हणाले. “पहिल्यापास्नं सांग, हळूहळू. मला पाठ झाली पायजे. न्हाईतर जाताना तुला देऊ काय?”