तेविसावा नंबर

“मग मी आठ दिवस इथे काय केलं, तेवढं तरी सांगाल?”

नसीमाआपांनी मान वर केली नाही. त्या बँडेज गुंडाळत होत्या.

विचारणारे होते मुकुंदराव शेवडे, निवृत्त तहसीलदार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सेवा करायला आले होते. तिथल्या स्वयंसेवकांना आपाच शिकवत, एकतीस वर्षं. आठ दिवस काम बघायचं आणि पटलं तरच छातीला निळा बिल्ला लावायचा, ही त्यांची पद्धत. आमदाराच्या भाच्यालाही त्यांनी बिल्ल्याविना परत पाठवलं होतं. अख्ख्या तालुक्याने अभिमानाने सांगावी अशी ती एकच गोष्ट. बाकी त्या इमारतीत अभिमान वाटावा असं सरकारने काही ठेवलेलं नव्हतं.

शेवड्यांनी स्वतःच हिशेब ऐकवला. रोज पाच-सहा म्हाताऱ्यांना रांगेतून काढून थेट ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही.

“काल तिघे जखम तशीच घेऊन परत गेले,” आपा म्हणाल्या.

“दार साडेबाराला बंद झालं. त्यात माझा काय दोष?”

बोर्डावर वेळ दीडपर्यंतची होती. दार मात्र रोज साडेबारालाच बंद होई, आणि वर्षानुवर्षं त्याबद्दल कोणी ब्र काढत नव्हतं.

शेवड्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. आज गिरजाबाई नावाच्या म्हातारीला त्यांनी पुढे नेलं. साखरेच्या आजाराने पायाला जखम झालेली, नंबर तेविसावा. ती दारापर्यंत गेली आणि लंगडत मागे येऊन आपल्या जागी उभी राहिली. भर रांगेत.

“तुम्ही समजवा तिला, आपा. पाय जाईल तिचा.”

आपा उठल्या. गिरजाबाईंपाशी जाऊन त्यांनी कारण विचारलं.

“माझ्याम्होरं बावीस माणसं हायेत,” गिरजाबाई म्हणाल्या. “त्यांना कुनी इचारलं?”

आपांनी शेवड्यांकडे पाहिलं.

“विचारलंत?”

“कोणाला?”

आपांनी रांगेकडे बोट दाखवलं.

बारा वाजले होते.

 शेवडे बाविसाव्या माणसापाशी गेले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. पहिल्या वाक्याला जीभ अडखळली. बाविसावा हो म्हणाला. एकविसावीही. सतराव्याने टोमणा मारला, “साहेब, आज हुकूम संपले वाटतं?” पण तोही मागे सरकला.

चौथा सरकला नाही. त्याच्या कडेवर हात भाजलेली मुलगी होती.

“नाही जमणार,” तो म्हणाला.

शेवड्यांचा चेहरा लाल झाला. आता काहीतरी बोलणार, असं सगळ्यांना वाटलं...

ते मुलीच्या हाताकडे बघत राहिले. मग तिसऱ्या माणसाकडे वळले आणि मुलीसाठी विचारलं. दुसऱ्याला विचारलं. पहिलीला विचारलं.

परत आले तेव्हा मान ताठ होती, आधीपेक्षाही ताठ.

“मुलगी आत गेली. गिरजाबाई आता चौथ्या.”

आपांनी मान डोलावली.

“एकाच्याही अंगावर ओरडलो नाही, आपा. आता तरी बिल्ला?”

आपा रांगेच्या टोकाकडे बघत होत्या. पोटावरचे टाके हाताने धरून एक माणूस शेवटी उभा होता. तो घड्याळाकडे बघत होता. बारा वाजून वीस मिनिटं. आतून कोणीतरी दाराचं एक कवाड लोटून घेतलं.

“आता दाराशी जाऊन उभे राहा, साहेब,” आपा म्हणाल्या. “तिथे आवाज चढवला तरी चालेल.”