तिसरा ठोका

एकदा एका उजाड माळावर, वापरात नसलेल्या धावपट्टीच्या कडेला, एक वृद्ध कारागीर महायुद्धातली जुनी लढाऊ विमाने पुन्हा उभी करीत असे. कुणाच्या गोदामात पडलेला सांगाडा, कुठल्या चौकात शोभेसाठी मांडलेले आणि उन्हापावसात खराब झालेले विमान, असे काहीही त्याच्याकडे येई. तो ते पत्रान् पत्रा सुटे करी, आणि दोन-तीन वर्षांनी तेच विमान स्वतःच्या बळावर आकाशात जाई. सगळे त्याला अण्णा म्हणत.

अण्णांचा एक शिष्य होता. वय तिशीचे, अभियांत्रिकी शिकलेला, हाताने अतिशय कुशल. अण्णांचे गुडघे आता साथ देत नव्हते. हाती असलेल्या विमानाची शेपटीकडची बाजू त्यांनी पूर्णपणे शिष्यावर सोपवली आणि सांगितले, "हे विमान नीट उडून नीट उतरलं, की ही शेड तुझी. मग मी नुसता चहा प्यायला येत जाईन."

विमान एका व्यापाऱ्याचे होते आणि ते उडवणार होती त्याची मुलगी. ती शिकलेली वैमानिक होती. अशा विमानात आसन एकच असते. वर गेल्यावर काही बिघडले तर शेजारी सांभाळून घ्यायला कुणी नसते. उड्डाणाचा दिवस ठरला होता, पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती, आणि शेपटीवर नवा पत्रा बसवायचे काम तेवढे राहिले होते.

हा पत्रा रिव्हेटने बसवतात. रिव्हेट म्हणजे एका बाजूला गोल डोके असलेला, मऊ धातूचा लहानसा खिळा. हे काम एकट्याने होत नाही. एक माणूस बाहेरून यंत्राने डोक्यावर मारतो. दुसरा विमानाच्या पोटात, अंधारात आडवा होऊन, रिव्हेटच्या टोकाला पोलादी ठोकळा लावून धरतो. ठोकळ्यावर दाबून ते टोक आत चपटे बसते आणि पत्रा आवळला जातो. ठोकळा जरा कलला, तर टोक वाकते आणि पकड येत नाही. बाहेरून मात्र डोके अगदी छान दिसते. मध्ये पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही आणि यंत्राच्या आवाजात बोलणेही ऐकू जात नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून मारा. दोन म्हणजे चांगले बसले. तीन म्हणजे बिघडले, काढून टाका. मग बाहेरचा माणूस ड्रिलने तो रिव्हेट काढतो आणि नवा घालतो.

आतल्या कामाला हौसाबाई असत. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने इतक्या बारीक की शेपटीच्या निमुळत्या भागात त्याच एक शिरू शकत. बारा वर्षे त्यांनी अण्णांबरोबर ठोकळा धरला होता.

शिष्याने तीन दिवसांत काम संपवले. अण्णा त्या तीन दिवसांत आत आलेसुद्धा नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली बसून ते जुन्या घड्याळासारखी दिसणारी विमानातली यंत्रे पुसत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी मुलीला घेऊन आला. शेपटीवरून रिव्हेटच्या ओळी दोरी लावून आखल्यासारख्या गेल्या होत्या. मुलीने त्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "बाबांच्या नव्या गाडीचं कामसुद्धा इतकं सुबक नाही."

"गाडीला काय नावं ठेवतेस," व्यापारी म्हणाला, "तिच्यात बसून तर आलीस."

एवढ्यात अण्णा काठी टेकत आले. त्यांनी ओळींकडे पाहिले नाही, आत डोकावले नाही. खिशातून खडू काढला आणि शेपटीच्या साऱ्या नव्या पत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ रेघ मारली.

"हे सगळे रिव्हेट काढायचे," ते म्हणाले. "पुन्हा नव्याने घालायचे."

शिष्याचा चेहरा उतरला. "अण्णा, कुठला बिघडलाय तेवढं तरी दाखवा."

"ते मला माहीत नाही."

व्यापाऱ्याला राहवले नाही. "अण्णा, तुम्ही तर पाहिलंही नाही. सव्वाशे माणसं यायची आहेत हो परवा."

"येऊ द्या की, शेठ. चहा देऊ, विमान दाखवू. उडवणार मात्र नाही." मग ते शिष्याला म्हणाले, "तू अंगाने जरा रुंद आहेस, पण खांद्यापर्यंत जाशील. दिवा घे आणि आत शिरून बघ."

शिष्य रागातच आत शिरला. बराच वेळ आतून नुसता खुडबुडण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा कोपरे सोललेली होती आणि राग उरला नव्हता.

"सात," तो म्हणाला. "सात टोकं वाकलीत."

"दिवा पोचला तेवढ्यात सात," अण्णा म्हणाले. "पुढे आत एक आडवा पत्रा आहे, त्याच्यामागे दिवा जात नाही. तिथं फक्त हौसाबाईंचा हात जातो."

सगळ्यांनी हौसाबाईंकडे पाहिले. त्या पदराने हात पुसत उभ्या होत्या.

"बाई, तुम्हाला कळलं नव्हतं?" शिष्याने विचारले.

"कळलं होतं की, साहेब. हाताला लगेच कळतं." त्या खाली बघून बोलत होत्या. "पहिल्या दिवशी सकाळी तीन ठोके दिलेही. तर तुम्ही यंत्र थांबवून ओरडलात, 'बाई, मी बाहेरून बघतोय ना, आरशासारखा बसलाय. तुम्ही धरायचं काम करा.' मग मी म्हटलं, शिकलेला माणूस सांगतोय, तर माझ्याच हाताला चुकीचं लागत असेल. पुढं दोनच देत गेले."

शिष्याला ते वाक्य आठवले. त्याने एवढेच विचारले, "पण अण्णा, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर झाडाखाली होतात."

अण्णा तिथल्याच एका खोक्यावर बसले. "डोळे अधू झाले, कान शाबूत आहेत," ते म्हणाले. "पहिल्या सकाळी तीन ठोके ऐकले. त्यावर ड्रिलचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. त्यानंतर तीन दिवस दोन ठोक्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. अरे, चाळीस वर्षं मी हे काम केलं. ज्या दिवशी आतून एकदाही तीन ठोके आले नाहीत, असा दिवस मला आठवत नाही. माझा हात तुझ्यापेक्षा वाईट नव्हता. तेव्हा मला दोनच गोष्टी सुचल्या. एक तर माझा शिष्य जगात कुणी झाला नाही इतका निष्णात झाला, नाहीतर आतलं माणूस त्याला घाबरायला लागलं. खरं सांगू? पहिली गोष्ट खरी असावी असं मला फार वाटत होतं. म्हणून दोन दिवस गप्प बसलो. ती चूक माझी."

मग त्यांनी रिव्हेटच्या सुंदर ओळीवर बोट ठेवले. "बाहेरून आपल्याला आपल्या कामाचं फक्त डोकं दिसतं. पकड असते ती दुसऱ्या बाजूला, आणि ती दुसऱ्यालाच दिसते. त्या माणसाचा हात चुकला तर रिव्हेट बदलता येतो. त्याने सांगायचंच सोडलं, तर मग या पोरीला वर पाठवायचं कुणाच्या भरवशावर?"

मुलगी इतका वेळ ऐकत होती. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना फोन मी करते. आणि हौसाबाई, तुम्ही उडा म्हटल्याशिवाय मी आसनावर बसणार नाही."

"अगं बाई," हौसाबाई म्हणाल्या, "मला कुठं घेतीस त्यात?" आणि त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने स्वतः एकेक रिव्हेट काढला. काम पुन्हा सुरू करण्याआधी तो शेपटीच्या तोंडाशी वाकला आणि आत म्हणाला, "हौसाबाई, काल जे बोललात ते पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं मी. आज तुमचा हात म्हणेल तेच खरं."

यंत्र सुरू झाले. दोन ठोके. पुन्हा दोन ठोके. अण्णा झाडाखाली चहाची कपबशी हातात धरून बसले होते. चहावर साय आली तरी त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता.

ऊन डोक्यावर आल्यावर एका रिव्हेटनंतर आतून दोन ठोके आले. मग क्षणभर शांतता. मग, अगदी हलकेच, तिसरा.

शिष्याने यंत्र खाली ठेवले. बाहेरून डोके आरशासारखे बसले होते. त्याने त्याकडे पाहिले आणि ड्रिल उचलला.

ड्रिलचा आवाज माळावर ऐकू आला, तेव्हा अण्णांनी तो गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्यानंतर सहाव्या दिवशी ते विमान उडाले, माळावरून दोन घिरट्या घालून नीट उतरले, आणि त्या संध्याकाळी शेडची किल्ली शिष्याकडे आली.

आपल्याही घरी, आपल्या कामाच्या ठिकाणी, आत अंधारात ठोकळा धरून बसलेले कुणीतरी असते. त्याचा तिसरा ठोका आपण शेवटचा कधी ऐकला होता, ते आज जरा आठवून पाहावे.